‘आज न रडलेली मुलं’

संध्याकाळी बहिणीकडे गेले होते. भाची साडेतीन वर्षांची. पंधरा दिवसांपूर्वी नर्सरीत जायला लागली. दारातच धावत आली आणि हात पुढे केला. “मावशी, बघ, स्टार! मी आज नाही रडले.” मनगटाजवळ निळ्या बॉलपेननं काहीतरी गिरवलेलं होतं. चार-पाच रेघा एकमेकींवर ओढलेल्या, आणि इतक्या जोरानं की कातडी लाल झाली होती.

मी “अरे वा” म्हटलं. काय म्हणणार?

बहिणीनं स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगितलं. शाळा सुटताना, जी मुलं दिवसभरात रडली नाहीत त्यांच्या हातावर टीचर लाल स्टारचा शिक्का मारतात. मग त्या मुलांना ओळीत उभं करून फोटो काढतात आणि तो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. खाली लिहिलेलं असतं, ‘आज न रडलेली मुलं’. पुढे टाळ्या. पंधरा दिवसांत भाची त्या फोटोत एकदाही नाही. आज घरी आल्यावर तिनं टेबलावरचं पेन घेतलं आणि आपला स्टार आपणच काढला.

साडेतीन वर्षांची पोर हो! तिला अजून चपलेचा डावा-उजवा कळत नाही. पण रडलो ते सांगायचं नसतं, हे पंधरा दिवसांत पक्कं कळलं.

घरी येऊन दोन तास झाले, जेवण गेलं नाही. लिहून टाकल्याशिवाय झोप लागणार नाही. पोस्ट मोठी होईल.

माझ्या मुलाची हिरवी पाण्याची बाटली तुमच्यापैकी जुन्या शेजारणींना आठवत असेल. झाकणावर बेडूक होता. तो छोट्या शिशूत होता तेव्हाची गोष्ट. रोज सकाळी मी ती भरून द्यायची आणि रोज दुपारी ती भरलेलीच परत यायची. मी ओरडायची. “एवढी मोठी बाटली वाहून नेतोस ती कशाला?” तो काही बोलायचा नाही. मोरीत जाऊन बाटली ओतून टाकायचा. श्रावणापासून दिवाळीपर्यंत हे चाललं. आणि शाळेतून काय निरोप येत होते माहितेय? “छान रुळलाय. अजिबात त्रास देत नाही.” मला अभिमान वाटायचा.

दिवाळीच्या आधी त्याला लघवीला जळजळ व्हायला लागली. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “पाणी किती पितो?” तेव्हा ती बाटली माझ्या डोळ्यांसमोर आली.

खरं काय ते मला टीचरनं सांगितलं नाही. शाळेतल्या मावशींनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी फाटकाजवळ मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “ताई, तुमचं लेकरू पाणी प्यायला भितंय.” ऑगस्टमध्ये एकदा वर्गात त्याची चड्डी ओली झाली होती. टीचरनं त्याला पुढे उभं केलं आणि सगळ्या वर्गाकडून ‘शेम शेम’ म्हणवून घेतलं. चड्डी मावशींनी बदलली. त्या दिवसापासून त्यानं शाळेत पाण्याचा घोट घेतला नाही. म्हणजे माझ्या तीन वर्षं आठ महिन्यांच्या मुलानं एकट्यानं बसून तोडगा काढला होता. प्यायचंच नाही, म्हणजे लागणारच नाही.

मी टीचरना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, “एवढं मनावर घेऊ नका हो. सगळी मुलं हसली, तोही हसला.”

तोही हसला! हे वाक्य मी इतक्या वर्षांत विसरलेले नाही.

आता कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, आम्ही छड्या खाऊन मोठे झालो, आमचं काय बिघडलं. कृपया नको. आपण मोठे झालो ते छड्यांमुळे नाही. मधल्या सुट्टीत कुणीतरी जवळ घेतलं, आजीनं पदरात घेऊन डोळे पुसले, त्यामुळे मोठे झालो. आणि काय बिघडलं ते बघायचं असेल तर आपल्या पिढीतल्या किती पुरुषांना आपल्या माणसांसमोर रडता येतं ते मोजा.

हो, मान्य आहे, एका वर्गात तीस मुलं आणि एकदम वीस रडायला लागली तर एकटी बाई काय करणार. तिलाही वरून सांगितलेलं असतं, वर्ग शांत दिसला पाहिजे. पण मग तीस मुलं का घेतली? आणि शिक्का मारायची कल्पना कुणाची?

मला राग शिक्क्याचा नाही, मोजमापाचा आहे. रडणं थांबलं की मूल रुळलं, असं आपण धरून चालतो. माझी एक मैत्रीण मुलांची समुपदेशक आहे, तिनं मला फार पूर्वी एक गोष्ट सांगितली होती. १९५२ साली इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन नावाच्या माणसानं इस्पितळात आठ दिवस आईशिवाय राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवरची फिल्म लोकांसमोर आणली. तेव्हा तिकडच्या इस्पितळांत आईबापांना मुलांजवळ थांबू देत नसत. मूल दोन दिवस रडायचं, मग गप्प व्हायचं, आणि सगळे म्हणायचे, रुळलं. ती मुलगी फारशी रडलीही नाही. पण तिचा चेहरा पाहिल्यावर लोकांना कळायला लागलं की हे रुळणं नाही, हे पोरानं आशा सोडणं आहे. मैत्रिणीनं हे सांगितलं तेव्हा मी उठून मोरीत गेले. नळ सोडून उभी राहिले. मला ती बाटली ओतल्याचा आवाज ऐकू येत होता.

आणि हे सगळं आपल्याला परक्यांकडून शिकायची गरज नव्हती, ह्याचं जास्त वाईट वाटतं. आपल्या घरात होतं हे. गुजरातेत बालशिक्षणाचं काम करणाऱ्या गिजुभाई बधेकांना भावनगरची मुलं ‘मिशांची आई’ म्हणायची. माणूस वकिली सोडून बालमंदिरात येऊन बसला होता. त्यांच्याबरोबर काम केलेल्या आपल्या ताराबाई मोडक. १९४५ साली ताराबाई डहाणूजवळ बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्या सोबत. बालवाडी काढली, पण पाड्यावरची मुलं येईनात. कशी येणार? घर सोडून परक्या जागी, परक्या माणसांत. तेव्हा ह्या दोघींनी काय केलं? मुलांना ओढून नाही आणलं. बालवाडी उचलली आणि त्यांच्या अंगणात नेली. आधी न्हाऊमाखू घातलं, नखं कापली, केस विंचरले. मग गाणी, मग माती, मग दगड-शिंपले मोजणं. अंगणवाडी हा शब्द तिथून आला. १९७५ साली सरकारनं देशभर योजना काढली तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळालं. मूल शाळेत रुळत नसेल तर शाळेनं मुलाकडे जायचं, हे त्या नावातच आहे. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताईंनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. मूल जिथे असेल तिथे शाळा.

अनुताई स्वतः लहानपणी विधवा झालेल्या. आईच्या मायेनं त्यांनी दुसऱ्यांची पोरं न्हाऊ घातली. ती माती डहाणू तालुक्यातली, आमच्या डोंबिवलीहून लोकलनं जाऊन एका दिवसात परत येता येईल इतकी जवळची. आणि इथे आम्ही शिक्के मारतोय.

(लिहिता लिहिता थोडी शांत झाले. ताराबाई-अनुताईंचं नाव काढलं की होते.)

कागदावर आजही सगळं आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरला. २०२२ मध्ये त्याचा वेगळा आराखडा आला. खेळ, भावना ओळखणं, दुसऱ्याशी जुळवून घेणं, सगळं त्यात लिहिलंय, आणि चांगलं लिहिलंय. दुसरीकडे २००९ चा शिक्षण हक्क कायदा बघा. सतराव्या कलमात मारायलाही बंदी आहे आणि मानसिक छळालाही. पण त्या कायद्यातलं ‘बालक’ सुरू होतं सहाव्या वर्षी! माझा मुलगा त्यात नव्हता, भाचीही नाही. ज्याला स्वतःची तक्रार शब्दांत सांगता येत नाही, नेमकं तेच मूल बाहेर.

आणि आपण पालक? आपणही बोलून घेऊया. शाळा सुटल्यावर फाटकाशी उभं राहून ऐका. “आज काय शिकवलं?” “डबा संपवला?” “ए टू झेड झालं का?” कोणाच्या शेजारी बसलास, कोणाशी कट्टी झाली, कशाची भीती वाटली, हे एक जण विचारत नाही. मीही नाही विचारलं. त्या दिवसांत माझा मुलगा घरी एक खेळ खेळायचा. कापडी हत्तीला भिंतीकडे तोंड करून उभा करायचा आणि बाकीच्या खेळण्यांना त्याच्यामागे ओळीत बसवायचा. मला फार गोड वाटायचं ते. मी फोटो काढून सासूबाईंना दाखवला होता, “बघा, शाळा-शाळा खेळतोय.” तो मला सगळं सांगत होता. रोज. पाणी आणि हत्ती, दोन भाषांत सांगत होता. मला एकही कळली नाही.

भातुकली बंद करून वर्कशीट आणणाऱ्यांना म्हणूनच हात जोडून सांगावंसं वाटतं. मूल भातुकलीत बोलतं. बाहुलीला ते जे ओरडतं तेच त्याला कुणीतरी ओरडलेलं असतं. माती, पाणी, वाळू, चार भांडी आणि शांत बसून बघणारी एक मोठी बाई, एवढं असलं तरी निम्मं काम होतं.

आणि ती बाई म्हणजे कोण? तिला आपण काय देतो? अंगणवाडी सेविकेला पगार नाही, ‘मानधन’ मिळतं. गरोदर बायांच्या नोंदी तिनं करायच्या, वजनं घ्यायची, ‘पोषण ट्रॅकर’ ह्या सरकारी ॲपवर माहिती भरायची, लसीकरणाला बोलवायचं, आणि उरलेल्या वेळात मुलांच्या मनाचा विकास. २०२३ च्या डिसेंबरात ह्या बाया संपावर गेल्या तेव्हा आपल्यातल्या किती जणांनी बातमी पुरती वाचली? खासगी नर्सरीतल्या टीचरची अवस्था काही फार वेगळी नाही. माझ्या मुलाच्या टीचरवर मी वर्षानुवर्षं चिडून होते. वर्गात बेचाळीस मुलं होती तिच्या. मदतीला त्या एकट्या मावशी. कदाचित तिलाही कुणी कधी जवळ घेऊन विचारलं नसेल, तुला झेपतंय का. आज एवढं म्हणू शकते. माफ केलंय का, ते मात्र विचारू नका.

पण मावशींबद्दल सांगायचं राहिलं. त्या दिवशी मी त्यांना विचारलं, आता काय करू. त्या म्हणाल्या, “काही नका करू. मी बघते.” त्यानंतर रोज साडेदहाला त्या त्याला हळूच हाक मारायच्या, “चल रे, माझ्याबरोबर बादली धरायला.” वर्गातून बाहेर नेऊन आधी बाथरूमला न्यायच्या, मग स्वतःच्या तांब्यातलं पाणी द्यायच्या. वर्गात कुणाला कळायचं नाही. महिन्याभरानं बाटली अर्धी परत आली. मी ती अर्धी बाटली हातात धरून मोरीत बसून रडले होते. बालमानसशास्त्राचं एक पानही न वाचलेली बाई. शाळेच्या स्नेहसंमेलनात सगळ्या टीचरना गुलाबाचं फूल दिलं, मावशी पडद्यामागे सतरंज्या घड्या घालत होत्या.

भाचीच्या शाळेत पहिल्या दिवशी पालकांना काय सांगितलं माहितेय? “मुलाला कळू न देता निघून जा, म्हणजे रडारड होत नाही.” बहिणीनं तसंच केलं, बिचारीनं. पोर खेळण्याकडे बघत होती तेवढ्यात ही मागच्या मागे गेली. वळून बघते तर आई नाही. मग ती पंधरा दिवस रडणार नाही तर काय करेल? आता ती खेळण्याकडे बघतच नाही, दाराकडेच बघत बसते. अगं, सांगून जा. “मी घरी जाते, तुझी खिचडी करते, छोटा काटा इथे आला की येते.” रडेल. रडू दे. पण आई खोटं बोलत नाही एवढं तिला राहील.

तसं करणाऱ्या शाळा आहेत, नाही असं नाही. पहिला आठवडा एकच तास, आई वर्गात बसलेली. मग आई व्हरांड्यात. मग फाटकाशी. मूल स्वतःच एक दिवस “तू जा” म्हणतं. ह्याला पैसा लागत नाही. थोडी सवड लागते, आणि रडणारं मूल म्हणजे शाळेची बदनामी नव्हे एवढं समजणारं एखादं माणूस.

माझा मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे. बाहेर आलाय, विचारतोय अजून का जागी आहेस. त्याला भाचीच्या स्टारचं सांगितलं. तो काही बोलला नाही. फ्रीजमधली बाटली काढून माझ्यासमोर ठेवली आणि आत गेला. त्याला ते दिवस आठवतात की नाही, मी कधी विचारलेलं नाही. आजही नाही विचारलं.

आत्ता बहिणीचा मेसेज आला. पोरीनं झोपताना हात धुऊ दिला नाही. उद्या टीचरना दाखवायचाय म्हणे. मूठ छातीशी धरून झोपलीये, उशीच्या अभ्र्याला शाई लागलीये.

उद्या सकाळी मी रजा टाकलीये. बहिणीबरोबर शाळेत जाणार आहे. भांडायला नाही, म्हणजे निदान सुरुवातीला तरी नाही. दोनच गोष्टी मागायच्यात. तो फोटो बंद करा. आणि आठवडाभर तिच्या आईला अर्धा तास वर्गात बसू द्या. नाही म्हणाले तर मी फाटकाशी, तिला खिडकीतून दिसेन अशी उभी राहीन. पाऊस आहे, पण छत्री आहे माझ्याकडे.