साहेबासारखं बोला, पगाराचं नंतर बघू

सोलापुरात राहून पुढं जायचं असेल तर आधी तोंड सुधारा. काम येतं का नाही, हे आता कोण विचारत नाही. परवा आमच्या टॉवेलच्या कारखान्यात सोमवारच्या मीटिंगला, चुकलं, 'हडल'ला उभं राहून मला जे ज्ञान झालं ते तुम्हाला फुकटात देतो.

'अडचण' हा शब्द विसरा. सूत आलं नाही? चॅलेंज. लाइट गेली? चॅलेंज. साहेबांच्या मेहुण्यानं आणलेला कॉम्प्रेसर परत बसला? ते लर्निंग.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी मागू नका. 'त्या आठवड्यात माझी बँडविड्थ कमी आहे' म्हणा. सुट्टी मिळणार नाहीच, पण नकार इंग्रजीत मिळेल. नळाला पाणी यायचा दिवस होता म्हणून उशीर झाला, तर 'वर्क-लाइफ बॅलन्स' म्हणून बघा. अर्थात, तेही चालत नाही.

मेलच्या शेवटी 'काइंडली डू द नीडफुल' टाका. कुणी आणि काय, ते लिहू नका.

आता खरी विद्या. अडचणीचा प्रश्न आला की म्हणायचं, 'हे आपण ऑफलाइन घेऊ.' आमच्या जॉबर अण्णांनी, म्हणजे माग सांभाळणाऱ्या मुकादमांनी, हडलमध्ये हात वर केला. वय साठीला टेकलेलं, मनगटापर्यंत ऑइल, भुवयांवर कापसाची भुरभुर. टेरी टॉवेलच्या मागाला दोन बीम, म्हणजे सुताचे मोठे रूळ लागतात, एक ग्राउंडचा म्हणजे खालच्या कापडाचा, एक पाइलचा म्हणजे वरच्या फासांचा. टॉवेलला मऊपणा येतो तो पाइलच्या सुतानं. ग्राउंडचे बीम चढवून ठेवलेत, पाइलचं सूतच नाही, अख्खी रांग उभी. अण्णांनी विचारलं, "सायेब, पाइलचं सूत कधी येतंय?" एवढंच. साहेब प्रसन्न हसले. "ग्रेट पॉइंट, अण्णा! आय लव्ह द ओनरशिप. ऑफलाइन कनेक्ट करू." अण्णा माझ्याकडं बघायला लागले. मी काय सांगणार? मीटिंग शेडमध्येच चाललेली, सगळे समोरासमोर उभे, ऑनलाइन म्हणाल तर एक पंखा होता.

सूत का येत नाही, हे झाडणाऱ्या मावशींनाही माहीत आहे. सूतवाल्याचं मागचं बिल थकलंय. पण पडद्यावर आलं 'सप्लाय चेन रिअलाइनमेंट'. त्याखाली बाण, बाणाखाली गोल, गोलात अजून एक बाण. आणि जाहीर झाला दोन आठवड्यांचा 'स्प्रिंट', कारण आम्ही आता 'अजाइल' आहोत, म्हणजे काम छोट्या छोट्या टप्प्यांत उरकणारे. त्या अजाइलचा जाहीरनामा 2001 साली अमेरिकेत, युटामध्ये, 17 सॉफ्टवेअरवाल्यांनी लिहिला. कागदपत्रांच्या ढिगापेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोठं, असं त्यात साफ लिहिलंय. म्हणजे त्यांच्या हिशेबानंही आधी माग चालला पाहिजे की नाही? आमच्याकडं बोर्डावर पिवळ्या चिठ्ठ्या चालल्यात, या रांगेतून त्या रांगेत. विणकरांची मजुरी नगावर. माग उभा तर मजुरी बंद. चिठ्ठी सरकवायचे कुणी पैसे देत नाही.

वर संध्याकाळी मेल: 'वी आर अ फॅमिली'. न्हावा शेवा बंदराचा कंटेनर गाठायचाय, रविवारी सगळ्यांनी यायचं. ओव्हरटाइमचं विचारलं तर म्हणे 'टोटल रिवॉर्ड्स'कडं बघा. बघितलं. ग्रीन टीची पुडी होती.

या गावात 1877 ला जुनी गिरणी सुरू झाली. भोंगा वाजला की लोक कामाला जायचे, आणि पटलं नाही की गेटवर उभं राहून भांडायचे. मालक तोंडावर 'नाही देत जा' म्हणायचा. नाही म्हणजे नाही, एवढं तरी कळायचं! पुढं काय करायचं ते माणसाला ठरवता यायचं.

बास झालं आता. अहो साहेब, तुम्ही काय आभाळातून पडलात का? इथल्या विणकरांच्या पूर्व भागातच वाढलात. मराठी, तेलुगू, कन्नड, तिन्हीत शिव्या येतात तुम्हाला, आणि साधं 'पैसे नाहीत' म्हणता येत नाही? अण्णांना सांगा की पंधरा दिवस काम नाही. मागाचं काम हातात असलेला माणूस आहे, शेजारच्या कारखान्यात उद्या उभा राहील. पण ते तुम्ही सांगत नाही, कारण मग पैसे कुठं गेले तेही सांगावं लागेल. म्हणून त्या म्हाताऱ्याला ऑफलाइनवर टांगून ठेवलंय. लाज वाटत नाही?

आणि मागं उभे राहून 'अॅब्सोल्यूटली सर' करणारे तुम्ही, माना कसल्या डोलवता रे? तुमचाही रविवार गेलाय त्यात.

ओव्हरटाइमचा तक्ता माझ्या टेबलावर पडून आहे. साहेब, त्यावर सही करा, सूतवाल्याला फोन लावा, आणि तो बाणांचा पडदा आधी काढा. मागं खिडकी आहे, शेडमध्ये उकडतंय.