‘चेन उतरते? टेन्शनर आवळा’ : या सल्ल्यात काय चुकतं

सायकलला टू-स्ट्रोक इंजिन किट बसवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: चेन उतरते म्हणजे ती ढिली आहे, टेन्शनर दाबून प्ले (चेनची वरखाली होणारी ढिलाई) शून्यावर आणा, तरी उतरली तर जाड चेन टाका, आवाज आला तर ग्रीस भरा. यातलं पहिलं वाक्य अर्धवट खरं आहे आणि बाकीची तीन त्याच्या जोरावर खपून जातात.

इथे नेहमीचा किट धरला आहे: ४१५ नंबरची चेन, इंजिनाला १० दातांचं स्प्रॉकेट, मागे रबराच्या चकत्यांमध्ये आरे पकडून ९ बोल्टांनी बसवलेलं ४४ दातांचं स्प्रॉकेट, आणि डाव्या चेनस्टेवर (पेडलपासून मागच्या ॲक्सलकडे जाणारी फ्रेमची नळी) क्लॅम्प केलेला, चेनला ताण देणारा रोलरचा टेन्शनर.

“चेन उतरते म्हणजे ती ढिली आहे.”

फार लोंबणारी चेन उतरते, यात वाद नाही. पण १०-१२ मिलिमीटर प्ले असलेली चेन सरळ लाइनीत असेल तर उतरत नाही. उतरत असेल तर काहीतरी वाकडं आहे, आणि ते कुठे आहे हे स्प्रॉकेटच सांगतं.

मागच्या स्प्रॉकेटचे दात कापडाने पुसून जवळून बघा. दाताची बाहेरची बाजू चकाकत असेल तर चेन चाकाकडे ओढली जातेय, म्हणजे इंजिनाचं स्प्रॉकेट किंवा टेन्शनरचा रोलर आतल्या अंगाला आहे. आतली बाजू चकाकत असेल तर उलट. दोन्ही बाजू घासलेल्या असतील आणि चाकाच्या दर फेरीला एकदाच ‘खर्र’ असा आवाज येत असेल, तर लाइन ठीक असून स्प्रॉकेटच आउट (फिरताना डुलणारं) असण्याची शक्यता जास्त.

ते तपासायला पाच मिनिटं लागतात. इंजिन बंद, प्लग काढलेला, क्लच लिव्हर दाबून लॉक केलेला. चेनस्टेला केबल टाय बांधा आणि त्याचं टोक दातांच्या बाजूला जेमतेम टेकेल असं कापा. चाक हाताने सावकाश फिरवा. टोक आणि दात यांच्यातलं अंतर एका फेरीत दीड मिलिमीटरपेक्षा जास्त बदलत असेल तर आधी ते काढायचं. मग तोच टाय दातांच्या टोकांवर आणून वरखाली किती हलतं तेही बघा. तिथे एक मिलिमीटरच्या आत असलेलं बरं.

बाजूला डुलणारं स्प्रॉकेट म्हणजे बहुतेक वेळा असमान दाबलेलं रबर. नऊही नट ढिले करा आणि समोरासमोरचे नट आळीपाळीने, एका वेळी पाव फेरी, आवळत आणा. टाय जिथे जवळ दिसतो तिथले नट थोडे जास्त, लांब दिसतो तिथले थोडे कमी. वरखाली होत असेल तर स्प्रॉकेटचं मधलं भोक हबपेक्षा मोठं आहे. फट सगळीकडे सारखी भरेल अशी पत्र्याची पट्टी हबभोवती गुंडाळा, मगच आवळा. आणि हे सगळं करण्याआधी चाकाचा आउट काढून घ्या. स्प्रॉकेट आऱ्यांनाच धरून बसलेलं असतं. चाक नंतर सरळ केलंत तर स्प्रॉकेट पुन्हा हलणार.

स्प्रॉकेट सरळ झालं की लाइन. मागच्या स्प्रॉकेटच्या दातांच्या सपाट बाजूला लांब सरळ पट्टी टेकवून ती इंजिनाच्या स्प्रॉकेटपर्यंत न्या. फरक बराच असेल तर मागचं स्प्रॉकेट उलटं करून बघा. त्याला बशीसारखा खोलगटपणा असतो, त्यामुळे बाजू बदलली की दातांची रेष सरकते.

“प्ले शून्यावर आणा.”

कुठलंच स्प्रॉकेट अगदी गोल फिरत नाही, त्यामुळे फेरीत एक जागा टाइट आणि एक ढिली येतेच. ढिल्या जागी प्ले शून्य केलात तर टाइट जागी चेन तारेसारखी ताणली जाते. तो ताण दर फेरीला हबच्या बेअरिंगवर आणि इंजिनाच्या आउटपुट शाफ्टवर बसतो. शिवाय ॲक्सलचं डावं टोक पुढे सरकतं, चाक तिरकं होतं आणि टायर उजव्या चेनस्टेकडे जातो. म्हणजे आवळल्यामुळेच लाइन बिघडते.

चाक फिरवून सगळ्यात टाइट जागा शोधा आणि खालच्या चेनच्या मध्यावर, वरखाली मिळून, तिथे १०-१२ मिलिमीटर प्ले ठेवा. मोटारसायकलचा २५-३० मिलिमीटरचा आकडा इथे आणू नका. तिथे मागचं सस्पेन्शन दबल्यावर प्ले बदलतो, या सायकलला ते नसतंच.

“टेन्शनर दाबा.”

सगळ्यात धोक्याचा भाग हा. चालताना इंजिन वरची चेन ओढतं आणि खालची सैल असते, म्हणून टेन्शनर खाली. पण पेडल मारून क्लच सोडला की चाक इंजिनाला फिरवतं आणि त्या क्षणी खालचीच चेन ताठ होते. दाबून बसवलेल्या रोलरला ती सरळ होताना झटका देते. चेनस्टे मागे निमुळता होत जातो, क्लॅम्प त्यावर फिरतो आणि रोलर आऱ्यांत घुसतो. पुढचं सांगायला नको: चाक जागच्या जागी जाम.

म्हणून आधी चेन लहान करा. एक आतली आणि एक बाहेरची कडी मिळून २५.४ मिलिमीटर जातात. हाफ लिंक वापरली तर १२.७ मिलिमीटरचाही फरक साधता येतो. चाक मागेपुढे करून पेडलची चेन नीट बसवा, कारण ॲक्सल दोन्ही चेनला एकच आहे, आणि उरलेलाच प्ले टेन्शनरला द्या. रोलर चेनला जेमतेम उचलेल इतकंच. चेनस्टे चेनला समांतर नसतो, त्यामुळे ब्रॅकेट पिळून रोलर चेनच्या रेषेत आणावा लागतो. क्लॅम्प फिरू नये म्हणून फ्रेमला आधार घेणारी पट्टी जोडा. पातळ चेनस्टेला भोक पाडू नका.

“जाड चेन टाका.”

४१५ आणि ४२० दोन्हींचा पिच (लगतच्या दोन पिनांमधलं अंतर) १२.७ मिलिमीटर, म्हणून ४२० बसते. पण ४१५ ची आतली रुंदी ४.७६ मिलिमीटर, ४२० ची ६.३५. त्याच दातांवर रुंद चेन बाजूला खेळते, वाकडी लाइन काही दिवस झाकते, आणि इंजिनाच्या स्प्रॉकेटपाशी जागा आधीच अपुरी असल्याने केसिंगला घासू शकते.

जुनी चेन खरंच गेली आहे का ते मोजा. ताणून धरलेल्या चेनच्या २४ पिचचं अंतर नवीन असताना ३०४.८ मिलिमीटर असतं. ते ३०८ च्या आसपास गेलं तर चेन बदला, आणि इंजिनाचं स्प्रॉकेटही बघा. त्याचे दात मागच्यांच्या ४.४ पट वेळा चेनखाली येतात. ते हुकासारखे वाकले असतील तर नवी चेनही उड्या मारेल.

“ग्रीस भरा.”

बाहेर थापलेलं ग्रीस पिनपर्यंत पोचत नाही. धूळ मात्र धरून ठेवतं. चेन पुसून प्रत्येक रोलरवर तेलाचा एक थेंब, दहा मिनिटांनी वरचं पुसून टाका.

जोडताना चेन लॉकची (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची) क्लिप बाहेरच्या बाजूला, आणि तिचं बंद टोक चेन ज्या दिशेला जाते त्या दिशेला. वरच्या चेनवर बघाल तर बंद टोक पुढे, इंजिनाकडे. पहिल्या २०-३० किलोमीटरनंतर रबर बसतं, तेव्हा ते नऊ नट पुन्हा एकदा त्याच क्रमाने आवळा आणि प्ले परत मोजा.