टक्का उतरवायला शब्द बदलू नका!

यंदाही तेच! एका विद्यार्थिनीचा प्रबंध तपासायला घेतला आणि तिसऱ्याच पानावर अडले. ‘नमुना निवड’ (म्हणजे अभ्यासासाठी सगळ्यांतून मोजके लोक निवडणं) या शब्दाच्या जागी ‘मासला वेचणी’! का, तर वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने इतरांच्या लिखाणाशी साम्य 38 टक्के दाखवलं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंत चालतं, म्हणून मुलं समानार्थी शब्द कोंबत बसतात. अरे, पारिभाषिक शब्द बदलला की अर्थच जातो! उसनं वाक्य अवतरणात घाला, संदर्भ द्या. ते साम्यात धरतच नाहीत. नाहीतर पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत लिहा.

या मुलीने उन्हातान्हात फिरून 60 प्रश्नावल्या भरून आणल्यात. शेतमजूर बायांनी तिला काय काय सांगितलं असेल! ते सगळं दीड पानात आटोपलंय. आणि दुसऱ्यांच्या व्याख्यांना 22 पानं. जीव तुटतो हो!