जुन्या पेट्रोल पिकअपला डिझेल इंजिन: त्या मेसेजमधलं किती खरं?

"दारात जुनी पेट्रोल जीप किंवा एफसी-१५० पिकअप पडून आहे? बोलेरो पिकअपचं जुनं डीआय इंजिन आणा. दोन दिवसांत बसतं, कापाकापी नाही. ओढ तिप्पट, ॲव्हरेज दुप्पट, वर्षात पैसे वसूल. आरटीओला चौदा दिवसांत कळवलं की झालं." हा मेसेज वाचून लोक चांगल्या, अस्सल गाड्यांच्या चासीवर गॅस कटर चालवतायत. ते पाहवत नाही, म्हणून एकेक दावा तपासू.

आधी "ओढ तिप्पट". या गाड्यांमध्ये मूळ इंजिन येतं ते हरिकेन, २,१९९ सीसीचं अमेरिकी घडणीचं पेट्रोल इंजिन. त्याचा टॉर्क, म्हणजे ओढ, साधारण १५५ न्यूटन-मीटर, २,००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे). २,५२३ सीसीच्या डीआयचा (डायरेक्ट इंजेक्शन डिझेल) सुमारे १८०, दीड हजाराच्या आसपास. तिप्पट कुठे, सहावा हिस्साच जास्त. अश्वशक्ती तर कागदावर उलट कमी आहे: हरिकेनची ७० च्या वर, डीआयची ६३. (जुने अमेरिकी आकडे थोडे फुगीर असत, हेही धरा.) तरी डिझेल जोरदार वाटतं, कारण त्याची ओढ खालच्या आरपीएमलाच मिळते, भरलेल्या गाडीला चढावर सारखा गिअर उतरवावा लागत नाही. हा फायदा खरा आहे आणि तो मी नाकारत नाही.

पण त्याच गुणातून पुढची अडचण निघते, आणि मेसेज तिच्याबद्दल अवाक्षर काढत नाही. हरिकेन ४,००० पर्यंत फिरतं, डीआय ३,२०० च्या आसपास थांबतं. जुन्या गाडीच्या क्राउन-पिनियनचं (चाकांच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या जोडीचं) प्रमाण ५.३८, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्याचे) ५.३८ फेरे. टायरचा घेर सव्वादोन मीटर धरला, तर टॉप गिअरमध्ये, जिथे शाफ्ट इंजिनाइतकाच फिरतो, ३,२०० ला वेग होतो ताशी सुमारे ८० किलोमीटर. तोही इंजिन पूर्ण पिळून. सुखाने चालवायचं म्हणजे २,५०० ला, तिथे काटा ६२-६३ वर. हायवेवर मागचा ट्रक हॉर्न वाजवत राहणार आणि केबिनमध्ये शेजाऱ्याशी बोलता येणार नाही. उपाय आहे: क्राउन-पिनियन बदलणं. पण गाडी फोर-व्हील असेल तर पुढचं आणि मागचं, दोन्ही एकाच प्रमाणाचं हवं; नाहीतर फोर-व्हील टाकल्यावर कोरड्या रस्त्यावर ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) ताण येऊन काहीतरी तुटणार. हा खर्च मेसेजमधल्या हिशेबात नाही.

"कापाकापी नाही" म्हणणाऱ्याने एफसीच्या केबिनमधला इंजिनवरचा खोका एकदा उघडून बघावा. इंजिन दोन सीटच्या मध्ये, चारही बाजूंनी बोटभर जागा. डिझेल इंजिन उंच, जड, पंप आणि नोझलचे पाइप बाहेर आलेले. माउंटिंग नवं वेल्ड करावं लागतं, बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) आणि क्लच जुळवावे लागतात, रेडिएटर मोठा लागतो. पेट्रोलच्या टाकीला रिटर्न लाइनचं (उरलेलं डिझेल परत आणणाऱ्या पाइपचं) तोंड नसतं, ते काढावं लागतं, आणि टाकीतला गंज आधी साफ केला नाही तर तो थेट फिल्टरमध्ये जातो. चावी बंद केल्याने डिझेल थांबत नाही, त्याला इंधन तोडणारी स्टॉप केबल किंवा विजेवर चालणारा सोलेनॉइड हवा. बॅटरी आणि स्टार्टरही मोठे लागतात. एफसीचा पुढचा भाग आधीच जड. त्यात भर पडली की पुढचे पाटे बसतात, आणि ब्रेक मात्र तेच जुने ड्रम. दोन दिवसांत होतं ते इंजिन टेकवणं. गाडी रस्त्यावर विश्वासाने चालायला महिने जातात.

"वर्षात वसूल." ॲव्हरेज वाढतं, मान्य. समजा पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर १२, वर्षाला ३,००० किलोमीटर. लिटरला १०४ आणि ९० रुपये धरले तर वर्षाला वाचतात साडेसोळा हजार. सगळं काम दीड लाखात झालं असं धरा, तरी नऊ वर्षं. हा दावा त्या काळातला आहे जेव्हा डिझेल पेट्रोलच्या मानाने फारच स्वस्त होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले.

आता सगळ्यात घातक दावा, चौदा दिवसांचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये चौदा दिवसांत कळवण्याची तरतूद आहे, पण कळवलं म्हणजे बदल कायदेशीर झाला असं नाही. त्याच कलमाचं पहिलंच वाक्य सांगतं की आरसीवरचा तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. इंधन बदलायचं तर मान्यताप्राप्त किट लागतं, तेही ठरलेल्या अटींवर. सीएनजी तसंच बसतं. भंगारातलं इंजिन म्हणजे किट नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायची, मालवाहू पिकअपचं फिटनेस आठ वर्षांनंतर दरवर्षी. तिथे इन्स्पेक्टर इंजिन नंबर आरसीशी पडताळतो. अपघात झाला तर विमा कंपनीही आधी तेच बघते.

आरसीवर मुळातच डिझेल असेल आणि थकलेल्या इंजिनाच्या जागी त्याच प्रकारचं इंजिन घालायचं असेल, तर गोष्ट वेगळी. बसवायच्या इंजिनाची पावती सांभाळा, आरटीओची परवानगी आधी घ्या आणि नवा नंबर आरसीवर चढल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. पेट्रोलवाल्यांनी आधी हरिकेनचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्यावं. कित्येकदा व्हॉल्व्ह, रिंग आणि कार्बोरेटरचं काम केलं की तेच इंजिन पुन्हा नीट ओढू लागतं.