गाळातली अंडी मेलेली नसतात

बाल्टिक समुद्राच्या तळाचा ऑक्सिजन संपला की गाळात काही जिवंत राहत नाही, असं या समुद्रावरच्या एका लेखात सरसकट म्हटलंय. ते पटलं नाही. अकार्शियासारख्या कोपेपॉडची (पाण्यात तरंगणाऱ्या इवल्या कवचधारी जीवांची) अंडी (जेमतेम ०.०८ मिलिमीटर!) त्याच काळ्या, कुजक्या वासाच्या गाळात पडून असतात. ऑक्सिजन नसेल तर ती उबत नाहीत, चयापचय जवळजवळ थांबवतात. इतरत्र गाळातून काढलेली सुमारे ४० वर्षं जुनी अंडीही प्रयोगशाळेत उबून पिल्लं बाहेर आलीयत.

असंच काहीसं घरीही पाहिलंय. माशांना खायला आर्टेमियाची (कोळंबीसारख्या इवल्या जीवाची) अंडी उबवतो. एकदा रात्री लाइट गेली, एअर पंप बंद. सकाळी बाटलीच्या तळाशी तपकिरी थर, हालचाल शून्य. ओतूनच देणार होतो, पण पंप परत लावला आणि दुसऱ्या दिवशी टॉर्चच्या उजेडाकडे नारिंगी ठिपके, म्हणजे पिल्लं, नुसते झेपावत होते.

अर्थात सगळीच अंडी इतकी चिवट नसतात. खास सुप्तावस्थेसाठी घातलेली टिकतात, साधी अंडी त्यामानाने लवकर दगावतात. त्यात गाळातला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू वेगळाच. लेखकाने हा फरक सांगायला हवा होता. आणि ऑक्सिजन परतलाच नाही, तर जिवंत अंडंही गाळात गाडलेलंच राहणार, हेही.