खुलासा : गमेलानच्या जोडीतला फरक हा दोष नाही

गमेलान म्हणजे इंडोनेशियातला, मुख्यतः धातूच्या वाद्यांचा ताफा; बाली हे तिथलं एक बेट. 'शाळेतल्या बाली गमेलानच्या जोडवाद्यांचे सूर जुळत नाहीत. ट्यूनर लावून ती एकसारखी करून घ्या,' असा सल्ला सध्या शिक्षकांमध्ये फिरतोय. कृपया असं करू नका! जोडीतलं एक वाद्य मुद्दामच किंचित उतरं आणि दुसरं किंचित चढं असतं. दोन्ही एकत्र वाजली की नाद लहरतो. बालीत हीच गमेलानच्या जिवंतपणाची खूण मानतात. सूर जुळवायला वाद्याची धातूची पट्टी कानशीने घासली, की ती लहर गेलीच.

मुलांनाच ऐकवा : दोन्ही वाद्यांवर तीच पट्टी एकदम वाजवायची, मग एक पट्टी डाव्या हाताच्या चिमटीत धरून बंद करायची. लहर तिथंच थांबते. पट्टी खरखरत असेल, तर मात्र दुरुस्ती हवीच.