क्रॉप सेन्सरला अंधारात फोकस होत नाही? बॉडी विकण्याआधी हे वाचा

छायाचित्रणाच्या ग्रुपांमधून सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: क्रॉप सेन्सर (फोटो टिपणारा कॅमेऱ्यातला भाग, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या ‘फुल फ्रेम’पेक्षा छोटा) लहान असतो, म्हणून कमी प्रकाशात त्याचा ऑटोफोकस चालत नाही. त्यावर एफ/२.८ची लेन्स लावली तरी ती एफ/४.२ होते, म्हणजे प्रकाश कमी पडतो (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि प्रकाश जास्त). आयएसओ (फोटो किती उजळ नोंदवायचा त्याची सेटिंग) १६००च्या वर जायचंच नाही. मेगापिक्सेल जास्त तितका नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, जास्त. म्हणून घरात, रंगमंचावर किंवा संध्याकाळी फोटो काढायचे असतील तर आहे ती बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) विका आणि फुल फ्रेम घ्या.

माझ्या भाचीने हे वाचून खरोखर बॉडी विकायला काढली. तिच्याकडे लेन्स एकच आहे, बॉडीबरोबर आलेली किट लेन्स. दुखणं त्या लेन्सचं आहे, आणि इतक्या मोठ्या संदेशात लेन्स बदलण्याबद्दल एक ओळ नाही. शिकणाऱ्या माणसाला असा सल्ला देणं बेजबाबदारपणाचं आहे.

‘सेन्सर लहान, म्हणून फोकस होत नाही’

सगळ्यात चुकीचा मुद्दा हाच. डीएसएलआरच्या, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या, व्ह्यूफाइंडरमधून बघताना फोकसच्या कामात इमेज सेन्सर नसतोच. मुख्य आरशामागचा छोटा आरसा थोडा प्रकाश खाली वळवतो आणि कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेलं वेगळं ऑटोफोकस मॉड्यूल तो वाचतं. त्या वेळी शटर बंद असतं, सेन्सरपर्यंत प्रकाश पोचलेलाही नसतो. निकॉनने जानेवारी २०१६मध्ये डी५ आणि डी५०० हे दोन कॅमेरे एकदमच जाहीर केले. डी५ फुल फ्रेम, डी५०० क्रॉप. दोन्हींत तेच मल्टी-कॅम २०के मॉड्यूल, १५३ पॉइंट, त्यांतले ९९ क्रॉस-टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारे), आणि मधल्या पॉइंटची अंधारातली मर्यादा दोन्हींत उणे ४ ईव्ही (ईव्ही हे प्रकाशाचं माप, आकडा जितका खाली तितका अंधार जास्त). सेन्सरच्या आकाराने फोकस ठरत असता तर हे आकडे सारखे आलेच नसते.

मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, फेज डिटेक्शन (फोकस मोजायची पद्धत) सेन्सरवरच होतं, त्यामुळे तिथे आकाराचा संबंध असेल असं वाटू शकतं. पण फोकस पॉइंटखालचे मोजके पिक्सेल लेन्सच्या दोन बाजूंनी आलेला प्रकाश ताडून बघतात. त्या ठिकाणी किती प्रकाश पडतो हे एफ-नंबरवर अवलंबून असतं. बाकीचा सेन्सर किती पसरला आहे याचा त्या पिक्सेलना काही फरक पडत नाही. सोनीचे स्वतःचे आकडे बघा, तिन्ही एफ/२ लेन्स धरून दिलेले: फुल फ्रेम ए७ मार्क ३ उणे ३ ईव्ही, क्रॉप ए६७०० उणे ३ ईव्ही, क्रॉप ए६४०० उणे २ ईव्ही. म्हणजे फुल फ्रेम आणि क्रॉप बरोबरीला, आणि दोन क्रॉप बॉडींमध्येच एका स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) फरक. तो फरक पिढीचा आणि प्रोसेसरचा आहे.

हे आकडे वाचताना एक पथ्य पाळा. सोनी एफ/२ धरून सांगते, कॅनन बहुतेक आरएफ (मिररलेस) बॉडींसाठी एफ/१.२ धरून. एफ/१.२ आणि एफ/२ यांत जवळजवळ दीड स्टॉपचं अंतर आहे. कॅनन आर७चे उणे ५ ईव्ही एफ/२च्या हिशेबात आणले तर उणे साडेतीनच्या आसपास येतात. दोन कंपन्यांचे आकडे तसेच शेजारी मांडून कोण जिंकलं ते ठरवणारे तक्ते मनावर घेऊ नका.

आता उणे ३ ईव्ही म्हणजे किती अंधार, तेही बघू. त्या प्रकाशात एफ/२ आणि आयएसओ ६४००वर योग्य एक्स्पोजरसाठी, म्हणजे फोटो नीट उजळ यायला, शटर १/२ सेकंद उघडं ठेवावं लागतं. अर्ध्या सेकंदात बोलणारा माणूस कुठल्याही कॅमेऱ्यात पुसटच येणार. उलट बाजूने मोजा: शटर १/१२५ सेकंद, एफ/१.८, आयएसओ ६४०० ही सेटिंग साधारण अधिक २.७ ईव्हीच्या प्रकाशाला बरोबर बसते. ए६४००च्या फोकस मर्यादेपेक्षा हा प्रकाश साडेचार स्टॉपहून जास्त आहे. माणसांच्या फोटोत फोकस हात टेकण्याच्या कितीतरी आधी शटर स्पीड हात टेकतो.

एवढं मात्र मान्य केलं पाहिजे की कंपनीचा आकडा स्थिर आणि ठळक कॉन्ट्रास्टच्या वस्तूवरचा असतो. सपाट गालावर, साध्या काळ्या कपड्यावर किंवा धुरकट रंगमंचावर फोकस त्याआधीच मागेपुढे धावू लागतो. आणि कंपन्या उत्तम ऑटोफोकस बऱ्याचदा महागड्या फुल फ्रेम बॉडींत आधी देतात, हेही खरं. पण तिथे जास्त पैसे मोजून मिळतो तो वरच्या दर्जाचा ऑटोफोकस, आणि डी५००सारख्या क्रॉप बॉडीतही तो होताच.

मग फोटो धूसर का येतात?

फोटो पूर्ण मोठा करून नीट बघा. माणूस धूसर पण त्याच्या मागची भिंत किंवा पुढचं टेबल स्पष्ट असेल, तर फोकस चुकला. सगळी फ्रेम एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसत असेल, तर हात हलला. कॉलर स्पष्ट आणि फक्त हात किंवा ओठ पुसट असतील, तर शटर मंद पडला. ‘अंधारात फोकस होत नाही’ म्हणून दाखवले जाणारे पुष्कळ फोटो शेवटच्या दोन प्रकारांतले असतात, आणि त्यावर ऑटोफोकस बदलून काही होत नाही.

खरोखर फोकसच चुकत असेल तर आधी लेन्सकडे बघा. किट लेन्स ५५ मिमीवर एफ/५.६ असते. ५० मिमी एफ/१.८ लावली की साडेनऊ पटींहून जास्त प्रकाश आत येतो, म्हणजे सव्वातीन स्टॉप. तो फोटोलाही मिळतो आणि फोकसच्या पिक्सेलनाही. आता संदेशातला सल्ला ऐकून फुल फ्रेम घेतली आणि तीही किट लेन्ससकट, तर काय होईल? कॅननची आरएफ २४-१०५ एफ/४-७.१ लांबच्या टोकाला एफ/७.१ आहे. म्हणजे आजच्या किट लेन्सपेक्षाही कमी प्रकाश. बॉडी बदलून फोकससाठीचा प्रकाश घटवून घ्यायचा, याला सुधारणा कोण म्हणेल?

लेन्सनंतर मोड. हलणाऱ्या माणसासाठी एएफ-सी (सतत फोकस करत राहणारा मोड) आणि चेहरा किंवा डोळा ओळखणारा मोड. चेहरा फ्रेममध्ये लहान असेल किंवा मागून प्रकाश येत असेल आणि ओळख सुटत असेल, तर सरळ लहान झोनवर या आणि तो झोन भुवई, चष्म्याची कड, कॉलर अशा ठळक रेषेवर ठेवा. स्थिर वस्तूला एएफ-एस (एकदाच फोकस करून थांबणारा मोड) वापरा. फोकसला मदत करणारा कॅमेऱ्यावरचा दिवा बहुतेक बॉडींत एएफ-एसमध्येच लागतो, आणि अनेकांना तो ‘बिघडला’ असं वाटतं ते यामुळे. काही मिररलेस बॉडी निवडलेल्या अपर्चरवरच (लेन्सच्या छिद्राच्या आकारावरच) फोकस करतात. तिथे एफ/१.८ची लेन्स एफ/४वर ठेवून फोकस रेंगाळतो म्हणून तक्रार करू नका, अपर्चर उघडा. आणि डीएसएलआरवर एफ/१.८ला फोकस कायम एकाच दिशेने चुकत असेल तर तेच दृश्य भर उजेडात, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर बघून) फोकस करून ताडून बघा. लाइव्ह व्ह्यूत बरोबर आणि व्ह्यूफाइंडरमधून चूक, असं निघालं तर ते कॅलिब्रेशनचं, म्हणजे लेन्स आणि बॉडीचा फोकस जुळवून घेण्याचं, काम आहे, अंधाराचं नाही.

‘आयएसओ १६००च्या वर जायचं नाही’

नुकसान सगळ्यात जास्त या सल्ल्याने होतं. जिथे ६४०० लागतात तिथे १६००वर अडून बसलात तर दोन स्टॉप कुठून तरी आणावे लागतात. एक तर १/१२५चा शटर १/३०वर येतो आणि चेहरे पुसट होतात, नाहीतर फोटो दोन स्टॉप काळा निघतो आणि मग संगणकावर उजळावा लागतो. उजळताना अंधाऱ्या भागातला नॉइज उजेडात येतोच, आणि जेपेग असेल तर रंगांचे पट्टेही पडतात. नॉइजचं मूळ प्रकाशाच्या कमतरतेत आहे. आयएसओचा आकडा वाढवल्याने आत येणारा प्रकाश कमी होत नाही.

ऑटो आयएसओची वरची मर्यादा ६४०० ठेवा, गरज पडली तर १२,८००. किमान शटर बोलणाऱ्या माणसांसाठी १/१२५, खेळणाऱ्या मुलांसाठी १/२५०, नृत्यासाठी १/५००. अपर्चर पूर्ण उघडं, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). दाणेदार पण स्पष्ट चेहरा नॉइज काढणाऱ्या सॉफ्टवेअरने चांगला सुधारतो. पुसट चेहरा सुधारत नाही.

‘एफ/२.८ची एफ/४.२ होते’

एक्स्पोजरच्या बाबतीत साफ खोटं. तोच प्रकाश, तोच शटर, तोच आयएसओ आणि एफ/२.८ असेल तर दोन्ही कॅमेऱ्यांत फोटो सारखाच उजळ येतो. हातात धरायच्या लाइट मीटरवर सेन्सरचा आकार भरायला जागाच नसते.

अर्धं सत्य आहे ते एकूण प्रकाशाचं. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिमी, निकॉन-सोनीच्या क्रॉपचं ३६७च्या आसपास. फरक २.३६ पट, म्हणजे सव्वा स्टॉप. कॅननच्या १.६ क्रॉपला जवळजवळ १.४ स्टॉप. सारखी फ्रेम आणि सारखा एफ-नंबर ठेवला तर फुल फ्रेमचा फोटो तेवढा स्वच्छ असतो, आणि फील्डची खोलीही (पुढे-मागे किती भाग स्पष्ट दिसतो ते) कमी मिळते. पण कमी खोली म्हणजे फोकसची चूक लपायला जागाही कमी. क्रॉपवर तीच चूक बऱ्याचदा खपून जाते.

शिवाय हा सव्वा स्टॉप नेहमी हाती लागतोच असं नाही. दूरच्या पक्ष्याला त्याच लेन्सने टिपून फुल फ्रेमचा फोटो नंतर कापलात, तर कापलेल्या भागावर तेवढाच प्रकाश पडलेला असतो. ४५.७ मेगापिक्सेलचा निकॉन डी८५० क्रॉप मोडमध्ये १९.४ मेगापिक्सेलचा राहतो, आणि प्रकाशाचा फायदा तिथेच संपतो.

मेगापिक्सेलचं

मेगापिक्सेल जास्त तितका नॉइज जास्त, हा गैरसमज कमी आणि जास्त मेगापिक्सेलचे फोटो पडद्यावर १०० टक्के मोठे करून ताडल्याने होतो. दोन्ही सारख्याच आकारात छापा किंवा सारख्याच आकारात बघा, बराचसा फरक विरून जाईल.

फुल फ्रेम घ्यावी ती एफ/१.४ किंवा एफ/१.८ची लेन्स आधीच हातात आहे, शटर याहून खाली नेता येत नाही, आयएसओ १२,८००वर पोचला आहे आणि तरी सव्वा स्टॉप हवाच आहे, अशा वेळी.